परीक्षेला पेशंट घेऊन या : दंतशिक्षणाच्या नियामकांना खुलं पत्र

प्रति,
देशातल्या दंतशिक्षणाचे अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी यांचे नियम ठरवणारे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : नव्या दंतवैद्यांचं प्रशिक्षण आणि त्यांचा परवाना



बीडीएसच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली, की डेंटल कॉलेजच्या होस्टेलवर एकच चौकशी सुरू होते : कुणाच्या ओळखीत बोळक्या तोंडाचे आजोबा आहेत का? नुसतं बोळकं तोंड पुरत नाही. हिरडीखालचं हाड फार झिजलेलं नको, नाहीतर कवळी टिकत नाही. माप घेताना ओकारीची उबळ येणारे नकोत. तासन्‌तास खुर्चीत बसायची तयारी हवी, आणि परीक्षकांनी विचारलंच तर ‘पोरीचा हात हलका आहे’ एवढं म्हणण्याची माया हवी. मग वृद्धाश्रम पालथे घातले जातात. मेसवाल्या मावशींचे सासरे, होस्टेलच्या वॉचमनचे चुलते, कुणाच्या तरी गावाकडची आजी, सगळ्यांना साकडं घातलं जातं. रिक्षाभाडं, सकाळचा नाश्ता आणि बुडालेल्या दिवसाचा रोज विद्यार्थ्याच्याच खिशातून जातो. परीक्षेच्या दिवशी आजोबांना ताप आला, तर चार वर्षांचा अभ्यास त्यांच्याबरोबर आडवा.

आपल्यापैकी बहुतेक जण याच वाटेने आले आहेत, तेव्हा यात आपल्याला नवं काही नाही. ते अजूनही चालू आहे, एवढीच तक्रार आहे.

विद्यार्थ्याच्या हाती दात कोरणारा एअररोटर द्यायचा की नाही, हे ठरवणारी परीक्षा निदान सगळ्यांना सारखी असावी. इथे एकाला शांत बसणारे आजोबा मिळतात, दुसऱ्याला दर दोन मिनिटांनी थुंकायला उठणारे. परीक्षकाच्या कागदावर दोघांचे गुण एकाच रकान्यात पडतात. किडीचं तर आणखी विचित्र. परीक्षेला दोन दातांच्या फटीतली, एक्स-रेत ठळक दिसणारी, पण नसेपर्यंत न पोचलेली कीड लागते. अशी नामी कीड दोन महिने आधी हाती लागली, तर विद्यार्थी काय करतो? पेशंटला गोड बोलून थांबवतो. उपचार परीक्षेसाठी राखून ठेवले जातात. कीड काही विद्यापीठाचं वेळापत्रक पाळत नाही, ती आपल्या गतीने नसेकडे सरकत राहते. अमेरिकेत परवान्यासाठी अशीच खऱ्या माणसांवर परीक्षा घेतली जायची. नेमक्या याच कारणावरून तिच्यावर वर्षानुवर्षं टीका झाली, आणि कोविडच्या काळात बहुतेक ठिकाणी ती कृत्रिम दात बसवलेल्या पुतळ्यांवर आली. पुतळ्याच्या दातात कीड हवी तेवढी आणि हवी तिथे घालता येते, शिवाय प्रत्येकाला तीच.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. परीक्षेचा पेशंट मिळवणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी उरू नये. कौशल्याची तुलना करायची असेल तर ती पुतळ्यावर करा. माणसाशी वागणं, निदान, उपचारांचं नियोजन हे वर्षभर कॉलेजच्या ओपीडीतल्या पेशंटवर पाहा आणि त्याचे गुण धरा. एका सकाळच्या नशिबावर काही टांगून ठेवू नका.

पत्र लिहिणारा डॉक्टर नाही. खुर्चीत तोंड उघडून बसणाऱ्यांच्या बाजूचा तो माणूस आहे, आणि त्या बाजूने पाहिलं की आपल्या व्यवस्थेतली एक गंमत लक्षात येते. नीट ही प्रवेशपरीक्षा, चार वर्षांचं शिक्षण, वर्षाला २४० अध्यापनाचे दिवस, मग एक वर्षाची फिरती आंतरवासिता (इंटर्नशिप), आणि मग राज्य दंत परिषदेकडे नोंदणी. महाराष्ट्रात परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं आणि नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषद करते. नोंदणीच्या टेबलावर गुणपत्रिका पाहतात, आंतरवासिता पूर्ण केल्याचा दाखला पाहतात, फोटो, शुल्क, सही पाहतात. हात कुणी पाहत नाही. परदेशातून पदवी घेऊन आलेल्या मुलाला चाळणी परीक्षा द्यावी लागते, देशातल्या मुलाच्या बाबतीत मात्र कॉलेजने दाखला दिला म्हणजे हात तयार झाला असं आपण धरून चालतो.

१९४८चा दंतवैद्य कायदा झाला तेव्हा नोंदवहीचे दोन भाग केले होते. ‘अ’ भागात पदवीधर, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण कायद्याआधी वर्षानुवर्षं दातांच्या कामावरच पोट भरणारे. कलकत्त्यात १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं होतं, मुंबईत नायरचं कॉलेज १९३३चं. पदवीधर मोजकेच होते, म्हणून कायद्याने हाताच्या अनुभवालाही नोंदवहीत जागा दिली. आज ‘ब’ भागाची गरज नाही, आणि कुणी पदवीशिवाय दात काढावेत असं म्हणण्याचाही हेतू नाही. पण तेव्हा पदवी किंवा अनुभव यांतलं एक असलं तरी दार उघडत होतं, आणि आज ते नुसत्या पदवीवर उघडतं. दोन्ही एकदम का विचारू नयेत?

आता आकड्यांकडे येऊ. क्लिनिकमधल्या विद्यार्थ्याच्या तोंडी सतत ‘कोटा’ असतो : इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या झाल्या, सरांची सही मिळाली की सुटलो. आंतरवासितेच्या किमान कामांची यादी आपल्याच नियमावलीत आहे. ५० दात काढायचे, रुतलेल्या २ दाढा, २ पूर्ण कवळ्या वगैरे. रूट कॅनालच्या रकान्यात मात्र एका मुळाच्या दातांच्या मोजक्या केसेस आहेत. म्हणजे बहुतेक पुढचेच दात.

गावातल्या नाहीतर उपनगरातल्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी जाऊन बसा. रात्रभर ठणका लागून डोळ्याला डोळा न लागलेला माणूस गालावर हात धरून येतो, तो पुढच्या दातासाठी नाही. दुखत असते दाढ. सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ दुधाचीच समजून घरचे दुर्लक्ष करतात, आणि बहुधा तीच सगळ्यांत आधी किडते. या दाढेचं रूट कॅनाल म्हणजे काय प्रकरण असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं सांगतो. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा एक चौथी नळी दडलेली असते. ती सापडली नाही तर दाढ सहा महिन्यांनी पुन्हा ठणकते आणि पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. काम सगळं आरशात बघून, उलट्या प्रतिमेवर. जीभ मध्ये येते, लाळ भरते, आरशावर वाफ धरते, आणि पंधरा मिनिटांत पेशंटचा जबडा अवघडतो. वाकड्या नळीत बारीक फाईल थोडी जास्त फिरली की आत तुटते. नळी धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट मुळाच्या टोकाबाहेर गेलं, तर बघता बघता गाल टम्म सुजतो आणि पेशंट ओरडतो. रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, लावला तर यातले काही घोटाळे टळतात. तो कसा लावायचा हे पुस्तकात सविस्तर असतं, आणि कित्येक ओपीडींत तो कपाटात असतो.

हे सगळं शिकायचं कुठे? उत्तर बाजाराने दिलं आहे. शनिवार-रविवारी एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये ‘हँड्स-ऑन’ कोर्स भरतो. टेबलावर काढलेल्या दाढा, समोर मोठा पडदा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी प्रमाणपत्रासह फोटो. नुकतं बीडीएस झालेली मुलं तिथे पदरचे पैसे भरून जे शिकतात, त्याची फी त्यांच्या आईवडिलांनी आधीच चार वर्षं कॉलेजात भरलेली असते. कोर्स घेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांतले काही फार उत्तम शिकवतात. पण एखाद्या पेशंटने विचारलं, की डॉक्टर, माझ्यासारखी दाढ तुम्ही याआधी किती केल्यात, तर नोंदणी असलेल्या डॉक्टरचं खरं उत्तर ‘हॉटेलात दोन’ असू नये.

म्हणून किमान कामांच्या यादीत दाढेचं रूट कॅनाल घाला, आणि नुसती संख्या मोजणं सोडा. चांगली आणि वाईट, दोन्ही कामं सहीच्या रकान्यात सारखीच दिसतात. प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, देखरेख करणाऱ्या शिक्षकाचं नाव आणि त्याने दिलेली श्रेणी, हे सगळं खाडाखोड न करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत जावं. ती नोंदवही नोंदणीच्या वेळी परिषदेने मागावी.

आंतरवासितेच्या वर्षाकडे वळू, कारण खरं दुखणं तिथे आहे. कागदावर ते वर्ष सुरेख आखलंय. कृत्रिम दात आणि शस्त्रक्रिया विभागांत दीड-दीड महिना, बहुतेक इतर विभागांत एकेक महिना, पॅथॉलॉजीत १५ दिवस, आवडीच्या विषयाला १५ दिवस आणि सार्वजनिक दंतआरोग्य व ग्रामीण सेवेला ३ महिने. प्रत्यक्षात त्या वर्षभर मुलं कुठे असतात? मोठा भाग लायब्ररीत, नाहीतर खोलीत, पदव्युत्तर एमडीएससाठीच्या नीट-एमडीएस परीक्षेच्या तयारीत. सकाळी सही, दहा वाजता गायब. विभागप्रमुख ओरडत नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक असतं, की नुसत्या बीडीएसला बाहेर पगार तुटपुंजा आणि मान कमी. या प्रवेशपरीक्षेत २४० बहुपर्यायी प्रश्न असतात. वर्षाला २४० दिवस शिकवायचं आणि शेवटी २४० प्रश्न विचारायचे, हिशोब तंतोतंत जुळतो. मधल्या वर्षी हाताने काय केलं याला त्या प्रश्नपत्रिकेत शून्य गुण.

या पार्श्वभूमीवर २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला आणि जुना १९४८चा कायदा बाजूला सारायचं ठरवलं. अभ्यासक्रम, कॉलेजांचं मूल्यांकन आणि नैतिकता-नोंदणी यांसाठी तीन स्वतंत्र मंडळं, आणि शेवटच्या वर्षी देशभर एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा. ही परीक्षा पास झालं तर परवाना, आणि तिच्याच गुणांवर एमडीएसला प्रवेश. हेतू स्तुत्य आहे. निदान कुणाच्या तरी मनात आलं, की कॉलेजच्या दाखल्यापलीकडे एक तपासणी असावी.

पण एकाच परीक्षेकडून दोन कामं करून घेण्याचा हट्ट धोक्याचा आहे. परवान्याच्या परीक्षेला एकच गोष्ट विचारायची असते : हा माणूस सुरक्षित आहे का? प्रवेशाच्या परीक्षेला विचारायचं असतं, की कोणाच्या पुढे कोण. पहिलीत शंभरातले नव्वद पास झाले तर आनंद वाटावा. दुसरीत प्रश्न मुद्दाम अवघड ठेवावे लागतात, नाहीतर गुणवत्ता यादी लागत नाही. दोन्ही एकत्र बांधले की क्रमवारीच वरचढ ठरणार, क्लासवाल्यांची चलती होणार, आणि चौथ्या वर्षापर्यंत ओपीडीत टिकणारा मुलगा तिसऱ्याच वर्षी कोटा-पुण्याच्या व्हिडिओंसमोर बसणार. एमबीबीएसची नेक्स्ट जुलै २०२३मध्ये पुढे ढकलावी लागली, तेव्हा विद्यार्थ्यांचा गोंधळ साऱ्या देशाने पाहिला. दातांच्या बाबतीत घाई नको. परवान्याची परीक्षा वेगळी ठेवा, तिच्यात पुतळ्यावरचं काम असू द्या, आणि केंद्रं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कॉलेजपासून दूर असू द्या.

परदेशात हे कसं चालतं, याची आपल्याला खबर नाही असं नाही. नागपूर-पुण्याहून गेलेल्या मराठी मुलामुलींच्या घरी विचारलं तरी कळेल. इंग्लंडमध्ये भारतीय पदवीवर काम करायचं, तर परदेशी पदवीधरांसाठीच्या ओआरई परीक्षेच्या दुसऱ्या भागात पुतळ्याच्या तोंडात दात कोरून दाखवावे लागतात, शिवाय निदान आणि आणीबाणीच्या प्रसंगाची परीक्षा असते. ऑस्ट्रेलियातही प्रात्यक्षिक आहेच. इथे ५० दात काढून नोंदणी मिळालेला मुलगा तिथे पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसतो, आणि उत्तीर्ण होऊन उत्तम नावही काढतो. म्हणजे उणीव हातांत नसून तो हात तपासायच्या आपल्या पद्धतीत आहे.

पण खरी उचलण्यासारखी गोष्ट परीक्षा नाही. इंग्लंडमध्ये पदवीनंतर सरकारी आरोग्य सेवेत काम करायचं, तर साधारण एक वर्ष मान्यताप्राप्त दवाखान्यात पगारी उमेदवारी करावी लागते. देखरेख करणारा अनुभवी डॉक्टर त्याच इमारतीत असतो, अडलं की हाक मारायची. न्यूयॉर्क राज्याने २००७पासून परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षाच काढून टाकली आणि तिच्या जागी एक वर्षाची रेसिडेन्सी सक्तीची केली. दोन वेगळे देश, दोन वेगळ्या व्यवस्था, आणि दोघांनीही शेवटी एका दिवसापेक्षा एका वर्षावर भरवसा ठेवला.

आपल्याकडे ही उमेदवारी आजही चालते, पण कुणाच्या नजरेखाली नाही. नवी मुलगी एखाद्या सीनियरच्या दवाखान्यात लागते. पहिले सहा महिने स्केलिंग आणि बिलं. अवघड दाढ आली की आठवड्यातून एकदा बॅग घेऊन येणाऱ्या कन्सल्टंटला बोलावलं जातं, आणि ती सक्शन धरून उभी राहते. चांगला सीनियर मिळाला तर दोन वर्षांत ती तयार होते. वाईट मिळाला तर तीच अवघड दाढ तिच्यावर सोपवून तो जेवायला जातो. चुकीची जबाबदारी कुणाची, हे ग्राहक आयोगात गेल्यावर कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानंतर डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आलीच आहे.

तेव्हा मुख्य मागणी अशी, की आंतरवासितेचं वर्ष कॉलेजच्या भिंतीबाहेर काढा. निदान सहा महिने ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, पालिकेच्या दवाखान्यात किंवा परिषदेने पारखून घेतलेल्या खासगी दवाखान्यात, नाव नोंदवलेल्या मार्गदर्शकाच्या हाताखाली काम हवं. मार्गदर्शकाला मानधन द्या आणि इंटर्नला वेळेवर विद्यावेतन. विद्यावेतन कागदावर एक आणि हातात दुसरं, अशी तक्रार खासगी कॉलेजांतल्या मुलांकडून इतक्यांदा ऐकू येते, की ती आता कुणाला बातमी वाटत नाही. सगळ्या देशात एकदम जमत नसेल, तर गोव्यात करून पाहा. तिथे बांबोळीचं एकच डेंटल कॉलेज आहे, राज्य एवढंसं आहे, आणि सरकारी आरोग्य केंद्रं कॉलेजपासून फार लांब नाहीत. एका तुकडीवर प्रयोग करायला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

त्या ग्रामीण तीन महिन्यांबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. महाराष्ट्रात प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा तोंडात तंबाखू ठेवणारा आहे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मिश्री, आणि २०१२च्या बंदीनंतरही गल्लोगल्ली सापडणारा गुटखा. ज्याचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, भाकरीचा घास जात नाही, तिखट लागताच आग होते, अशा माणसाला सगळ्यात आधी दंतवैद्यच पकडू शकतो. त्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात का हे पाहायला यंत्र लागत नाही. कर्करोग पहिल्या पायरीवर सापडला तर जबडा वाचतो, जीवही वाचतो. हे शिकायची जागा म्हणजे आठवडी बाजार आणि ऊसतोड कामगारांच्या झोपड्या. पण बऱ्याच कॉलेजांत ग्रामीण सेवा म्हणजे शाळेत शिबिर, भिंतीवर फ्लेक्स, टूथपेस्टच्या नमुन्यांचं वाटप आणि बसमध्ये अंताक्षरी. तीन महिन्यांत प्रत्येक इंटर्नने तोंडं तपासावीत, संशयास्पद जखमा टिपाव्यात आणि त्या पेशंटला पुढे पाठवून तो खरोखर पोचला की नाही याचा माग ठेवावा. नोंदवहीत हा माग दिसला नाही, तर ते तीन महिने धरू नका.

चांदीचंही एकदा बघा. दाढेत चांदी भरणं, म्हणजे पाऱ्याचं मिश्रण, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून जवळपास बंद केलं. पारा आटोक्यात आणण्याच्या मिनामाता करारावर भारताने २०१८मध्ये शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे मात्र २००७च्या अभ्यासक्रमाच्या छायेत विद्यार्थी अजून परीक्षेसाठी चांदीचाच खड्डा कोरतो, आणि दवाखान्यात गेल्यावर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतो. त्यासाठी दात वेगळा कोरावा लागतो आणि कोरडा ठेवावा लागतो. ते तो कामावर शिकतो. चांदी वाईट होती असं म्हणणं नाही, ती अनेकांच्या तोंडात तीस-तीस वर्षं टिकली. पण परीक्षेचं साहित्य आणि कामाचं साहित्य यांत एवढं अंतर नको.

आणखी एक जागा अशी, जिथे पदवी असून माणूस कोरा असतो. दात बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि पेशंट गळपटला, घाम सुटला, नाडी मंद झाली. भीतीने आलेली भोवळ आहे, साखर उतरली आहे, की औषधाची ॲलर्जी? बऱ्याच वेळा भोवळच असते आणि पाय वर केले की माणूस सावरतो. पण ॲलर्जी असली, तर ॲड्रेनलिन कुठे ठेवलंय, किती आणि कुठे टोचायचं, हे शोधायला पुस्तक उघडता येत नाही. कॉलेजात अशा वेळी शेजारी मोठं हॉस्पिटल असतं, निवांत वाटतं. दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यातल्या दवाखान्यात शेजारी असतं झेरॉक्सचं दुकान. जीवरक्षक प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक प्रमाणपत्र नोंदणीसाठी आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणासाठी सक्तीचं करा. तसंच निर्जंतुकीकरणाचं. कॉलेजात ऑटोक्लेव्ह मामा लावतात आणि मावशी भांडी पुसतात, त्यामुळे स्वतःचा दवाखाना काढला की डॉक्टरला पहिल्यांदा कळतं, की लाल, पिवळी आणि निळी बादली कशासाठी, सुया कशात टाकायच्या आणि एक्स-रे यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे करायची असते. एक महिना विद्यार्थ्यांनी मामांच्या हाताखाली काम केलं, तर कुणाची प्रतिष्ठा जाणार नाही.

कॉलेजांचा प्रश्न टाळून हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं झाली, आणि जागा मात्र भरत नाहीत. २०२०-२१च्या प्रवेशांत हजारो जागा रिकाम्या राहिल्या. केंद्राने नीटची पात्रता खाली आणायला नकार दिला होता, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रतेची पर्सेंटाइल दहाने खाली आणली. खासगी कॉलेजांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असंही न्यायालयाने सुचवलं होतं. पात्रता लगेच खाली आली, फी मात्र जागची हलली असं काही दिसलं नाही. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी बांधलेल्या कॉलेजात पेशंट येणार कुठून, हा प्रश्न मान्यता देताना कुणी विचारला होता का? तपासणीच्या आठवड्यात ओपीडी फुलते आणि पुढच्या आठवड्यात खुर्च्यांवर पुन्हा प्लास्टिक येतं, हे विद्यार्थी तोंडावर सांगतात, लिहून देत नाहीत.

नव्या कायद्यात मूल्यांकनासाठी वेगळं मंडळ आहे. त्या मंडळाने एक दिवसाची भेट बंद करावी आणि वर्षभराच्या नोंदी मागाव्यात : रोज किती पेशंट आले, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला किती गेले, किती कामं पुन्हा करावी लागली. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच आज कुठे लिहिला जात नाही. पेशंट नसलेल्या कॉलेजच्या जागा कमी करा. जाहिरातीतल्या इमारतीच्या फोटोऐवजी हे आकडे संकेतस्थळावर टाका, म्हणजे बारावीच्या मुलीचे वडील घर गहाण टाकण्याआधी ते वाचू शकतील.

यातल्या काही सुधारणा आपल्या टेबलावर आधीच असतील. असतील तर त्यांचं वेळापत्रक जाहीर करा, एवढीच विनंती. आज पहिल्या वर्षात मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी कोणती परीक्षा द्यायची आहे, हे आत्ता कळायला हवं. चौथ्या वर्षीच्या दिवाळीत नव्हे.



आपला नम्र,
खुर्चीत तोंड उघडून बसणारा एक मराठी पत्रलेखक

ता. क. : दात काढण्याआधी पेशंटची सही ज्या संमतीपत्रावर घेतात, ते बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं. नवा डॉक्टर कॉलेजात तेच पाहतो आणि आपल्या दवाखान्यातही तेच छापतो. जबड्याच्या नसेला धक्का लागून ओठ काही दिवस बधिर राहू शकतो, हे सही करणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत आधी कळलं पाहिजे. परवान्याच्या परीक्षेत दहा गुणांचा एक प्रश्न असा ठेवा, की समोर बसलेल्या माणसाला हे स्थानिक भाषेत समजावून सांगा. परीक्षकाने फक्त ऐकायचं, आणि त्या माणसाला काय कळलं ते शेवटी त्यालाच विचारायचं.